दोन घरचा पाहुणा उपाशी राहू नये म्हणून : परदेशी विद्यापीठासोबतची संयुक्त पदवी आणि तिची गुणवत्ता-हमी



आजचा विषय वाचून काहींना वाटेल, ढाणकीच्या प्राथमिक शिक्षकाला परदेशी पदव्यांशी काय देणं-घेणं? पण देणं-घेणं आहे. आपल्याकडची मुलं पदवीला बहुतेक अमरावती विद्यापीठात जातात, क्लासेससाठी नांदेड गाठतात, कारण आपल्याला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. आता त्याच मुलांच्या मोबाईलवर जाहिराती येतात : "दोन वर्षे भारतात, दोन वर्षे परदेशात", "एका फीमध्ये दोन पदव्या", "आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची डिग्री आता तुमच्या शहरात". बारावी झालेलं पोर ती जाहिरात घरी दाखवतं. घरचे म्हणतात, "सरांना विचारून पाहा." आणि गावात विचारायला सर म्हणजे आपणच असतो.

अशा वेळी "बघा बुवा, तुमचं तुम्ही" म्हणून चालत नाही. त्या एका निर्णयावर घरातला कापूस-सोयाबीनचा पैसा, बँकेचं शैक्षणिक कर्ज आणि कधी कधी सातबारासुद्धा लागलेला असतो. म्हणून हा पाठ. यात आपण तीन गोष्टी शिकणार आहोत : संयुक्त पदवी म्हणजे काय, तिची गुणवत्ता कोण तपासतं, आणि ती तपासणी नेमकी कुठे अपुरी पडू शकते.

१. आधी शब्द नीट समजून घेऊ

जाहिरातीत सगळे शब्द एकाच पातेल्यात ढवळलेले असतात. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मे २०२२ मध्ये या विषयाचे स्वतंत्र नियम काढले आणि त्यात तीन प्रकार वेगळे केले.

ट्विनिंग : मूळ प्रवेश भारतीय संस्थेत. काही भाग परदेशी विद्यापीठात शिकायचा. पण पदवी फक्त भारतीय संस्थेची. परदेशात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत.

संयुक्त पदवी : अभ्यासक्रम दोन्ही संस्थांनी मिळून आखायचा. प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के श्रेयांक मिळवायचे. शेवटी एकच प्रमाणपत्र, त्यावर दोन्ही संस्थांची बोधचिन्हं.

दुहेरी पदवी : अभ्यासक्रम एकाच विषयातला, तोही दोघांनी मिळून आखलेला, पण दोन्ही संस्था आपापलं प्रमाणपत्र वेगवेगळं आणि एकाच वेळी देतात. किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतून लागतात. "एका फीमध्ये दोन वेगळ्या विषयांच्या डिग्र्या" असा याचा अर्थ होत नाही.

हे गणित एकदा फळ्यावर मांडून पाहू. समजा चार वर्षांची पदवी १६० श्रेयांकांची आहे. १६० चे ३० टक्के म्हणजे ४८. मग ट्विनिंगमध्ये परदेशातले श्रेयांक जास्तीत जास्त ४८. संयुक्त पदवीत इथले किमान ४८ आणि तिथले किमान ४८, उरलेले ६४ कुठे घ्यायचे ते दोन संस्थांनी करारात ठरवायचं. दुहेरी पदवीत इथले किमान ४८. सहावी-सातवीच्या शेकडेवारीचं उदाहरण आहे, पण जाहिरात तपासायला एवढंही पुरतं. कोणी "एक महिना लंडनला जा आणि संयुक्त पदवी घ्या" म्हणाला, तर विचारायचं : एका महिन्यात ४८ श्रेयांक कसे बसवले?

चौथी एक गोष्ट या तिन्हींपेक्षा वेगळी आहे : परदेशी विद्यापीठाने भारतात स्वतःचा परिसर उघडणं. त्याचे नियम २०२३ चे आहेत. जून २०२५ मध्ये मुंबई-नवी मुंबईसाठी ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली, ती या प्रकारातली. तिथे पदवी एकट्या परदेशी विद्यापीठाची असते. म्हणजे घर एकच, फक्त ते आपल्या गावात बांधलेलं. आपला आजचा विषय आहे दोन घरांचा.

२. गुणवत्ता-हमी आणि मानांकन यांत फरक काय?

हे समजायला विद्यापीठात जायची गरज नाही, आपली शाळा पुरे. शाळासिद्धी आपण सगळ्यांनी केली आहे : ७ क्षेत्रं, ४६ मानकं. आता १२८ मानकांचा शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा आला. प्रत्येक मानकापुढे आपण कुठल्या स्तरावर आहोत ते लिहायचं आणि पुरावा जोडायचा. पुराव्याचे फोटो काढता काढता जीव मेटाकुटीला येतो हे खरं. पण त्यामागची कल्पना साधी आहे. शाळा स्वतःकडे पाहते, उणीव शोधते, सुधारते आणि पुन्हा पाहते. या सततच्या कामाला गुणवत्ता-हमी म्हणायचं. बाहेरचा अधिकृत माणूस येऊन, कागद आणि वर्ग दोन्ही पाहून "होय, हे ठरलेल्या दर्जाचं आहे" असं लिहून देतो, ते मानांकन. सरकारी भाषेत अधिस्वीकृती.

म्हणजे गुणवत्ता-हमी ही रोजची पोळी-भाजी, आणि मानांकन म्हणजे पाच वर्षांतून एकदा होणारी वैद्यकीय तपासणी. तपासणीचा दाखला चांगला आला म्हणून रोज जेवायचं बंद करता येत नाही.

महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी हे काम नॅक करते. नॅकची स्थापना १९९४ ची, मुख्यालय बेंगळुरूला. संस्था आधी स्वयं-अध्ययन अहवाल देते, मग तज्ज्ञांची समिती तपासणी करते, सात निकषांवर गुण पडतात आणि ४ पैकी सरासरी निघते. ३.०१ ते ३.२५ म्हणजे 'ए', त्यावर 'ए प्लस', आणि ३.५१ च्या पुढे 'ए प्लस प्लस'. ३.०१ हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे पालकांचा एक गोंधळ नेहमी होतो. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला असते, एकेका अभ्यासक्रमाला नसते. शाळेला चांगली श्रेणी मिळाली म्हणजे चौथीचं गणित उत्तमच शिकवलं जातं, असं सिद्ध होत नाही ना? तसंच ते. अभियांत्रिकीसारख्या शाखांत एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करणारं वेगळं मंडळ आहे, राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए. २०१४ पासून भारत 'वॉशिंग्टन करार' या अभियांत्रिकी पदव्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा कायम सदस्य आहे, तो या मंडळामार्फत. म्हणून प्रश्न दोन वेगळे विचारावे लागतात : संस्था मानांकित आहे का? आणि हा अभ्यासक्रम मानांकित आहे का?

आपल्या डीएडचंच घ्या. अध्यापक विद्यालयाची इमारत कितीही सुंदर असो, त्या अभ्यासक्रमाला एनसीटीईची मान्यता नसेल तर पदविका नोकरीच्या कामाची नाही. हे आपल्या पिढीला कोणी वेगळं सांगायला नको.

३. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण : पवई आणि मेलबर्न

संयुक्त पदवी ही काही आजच्या जाहिरातींनी आणलेली गोष्ट नाही. मुंबईच्या पवईत २००८ मध्ये आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनाश विद्यापीठ यांनी मिळून आयआयटीबी-मोनाश संशोधन अकादमी सुरू केली. तिथे विद्यार्थी पीएचडी करतो ती दोन्ही संस्थांची मिळून. एक मार्गदर्शक पवईचा, एक मोनाशचा. संशोधनाचा बराचसा काळ मुंबईत आणि काही काळ मेलबर्नला. प्रबंध एकच.

आता या दोन घरांकडे पाहा. आयआयटीला पदवी द्यायचा अधिकार संसदेच्या १९६१ च्या कायद्याने मिळालेला, ती यूजीसीच्या कक्षेत येत नाही. मोनाश १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं. ऑस्ट्रेलियात उच्च शिक्षणाच्या दर्जावर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संस्था वेगळी, तिचं लघुनाव टेक्सा, ती २०११ च्या कायद्याने आली. म्हणजे अकादमी सुरू झाली तेव्हा टेक्साही नव्हती आणि यूजीसीचे २०२२ चे नियमही नव्हते.

तरी हे काम चाललं, कारण दोन्ही घरं स्वतःच्या नावाला जपणारी होती. विद्यार्थ्याला दोन्हीकडच्या मार्गदर्शकांना उत्तर द्यावं लागतं. एकाकडे ढिलाई झाली तर दुसऱ्याच्या लक्षात येते. दोन घरं असल्याचा हा फायदा. एकमेकांवर नजर राहते.

पण दोन्ही घरं इतकी जागरूक नसतील तर?

४. दोन घरचा पाहुणा उपाशी का राहतो?

आपली म्हण आहे : दोन घरचा पाहुणा उपाशी. या घराला वाटतं तो तिकडे जेवला असेल, त्या घराला वाटतं तो इकडे जेवला असेल. दोन्ही घरी चूल पेटलेली, दोन्ही घरी स्वयंपाक चांगला, आणि पाहुणा मात्र उपाशी. दोष एकाही स्वयंपाकात नाही. दोन घरांच्या मध्ये जी मोकळी जागा आहे, तिथे तो हरवला.

संयुक्त पदवीच्या गुणवत्तेचा सगळा प्रश्न या एका म्हणीत आहे. भारतीय संस्थेला नॅकची 'ए' श्रेणी असेल. परदेशी विद्यापीठ त्याच्या देशात मानांकित असेल. पण दोघांना जोडणारा जो सांधा आहे, तो कोणी तपासला? तो कुठे निखळतो, याची चार ठिकाणं पाहू.

पहिलं ठिकाण, श्रेयांकांचं माप. आपल्याकडच्या नव्या श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक, एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचं अध्ययन. युरोपात वर्षाला ६० श्रेयांक, एका श्रेयांकाला २५ ते ३० तास. मोनाशमध्ये पूर्णवेळ पदवीचं वर्ष ४८ गुणांकांचं. वर्ष तेच, मापं तीन. आपल्याकडे पायली आणि किलोचा हिशेब घालताना जशी गडबड होते, तशी. आपले २० श्रेयांक म्हणजे युरोपचे ३०, हे करारात स्पष्ट लिहिलं नसेल, तर परत आलेल्या मुलाच्या पदरात कधी कमी पडतात, कधी त्याला तोच विषय दुसऱ्यांदा शिकावा लागतो. (आपण आता प्राथमिकच्या मुलांचे अपार आयडी काढतोय, ते पुढे श्रेयांकांच्या बँकेशीच जोडलेले असणार आहेत. म्हणजे हा हिशेब आपल्या वर्गातल्या मुलांपर्यंत येऊन पोचला आहे.)

दुसरं ठिकाण, गुण. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपल्याकडे १० पैकी जितके जास्त तितकं चांगलं. जर्मनीतून १.३ घेऊन आलेली हुशार मुलगी इथल्या टेबलावर नापास दिसेल! ब्रिटनमध्ये ७० च्या पुढे पहिला वर्ग. आपल्याकडे ७० मिळवलेल्या मुलाला शेजारी विचारतात, "एवढेच?" रूपांतराचा तक्ता आधीच ठरलेला नसेल तर चांगल्या मुलाचं नुकसान होतं, आणि कच्च्या मुलाचं झाकलं जातं.

तिसरं ठिकाण, परीक्षा आणि तक्रार. मेलबर्न, बर्लिन किंवा लंडनला दिलेल्या पेपरचं फेरमूल्यांकन हवं असेल तर अर्ज कुठे करायचा? इथल्या विभागप्रमुखाकडे गेलं तर ते म्हणतात, तिकडचा पेपर. तिकडे मेल केला तर ते म्हणतात, तुझी नोंदणी भारतातली. पाहुणा दारोदार.

चौथं ठिकाण, मधेच अडलं तर. व्हिसा नाकारला गेला, वडील आजारी पडले, रुपया घसरून परदेशातला खर्च झेपेनासा झाला, किंवा दोन संस्थांचा करारच मोडला. मग शिकलेल्या दोन वर्षांचं काय? ढाणकीसारख्या गावातल्या घरासाठी हा चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा. मुंबईच्या सुखवस्तू घरातलं मूल दुसरीकडे प्रवेश घेईल. आपल्याकडे मात्र कर्जाचा हप्ता सुरू होतो आणि हातात कागद काहीच नसतो.

५. युरोपने काय शहाणपण केलं?

हा गुंता सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त युरोपने अनुभवला. तिथे १९९९ च्या बोलोन्या करारानंतर अनेक देशांनी पदव्यांची रचना एकसारखी करायला घेतली. २००४ पासून 'इरॅस्मस मुंडुस' नावाने संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. एक विद्यार्थी एकाच पदवीसाठी दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकतो. भारतातली मुलंही शिष्यवृत्ती घेऊन त्यात मोठ्या संख्येने जातात.

अडचण अशी झाली, की चार देशांतली चार विद्यापीठं एकत्र आली तर मानांकन चार वेळा. चार संस्थांचे चार नमुने, चार भेटी, चार शुल्कं. बरं, प्रत्येक देशाची तपासणी संस्था फक्त आपल्या देशातला तुकडा पाहणार. चार आंधळे आणि हत्ती. एकाने सोंड पाहिली, एकाने पाय. पूर्ण हत्ती कोणीच नाही.

मे २०१५ मध्ये आर्मेनियातल्या येरेव्हान शहरात युरोपच्या शिक्षणमंत्र्यांनी यावर एक सामाईक पद्धत मान्य केली. तिचं सार असं : संयुक्त अभ्यासक्रमाची तपासणी एकदाच, पण अख्ख्या अभ्यासक्रमाची. युरोपच्या अधिकृत नोंदवहीत असलेली एक संस्था ती करेल. तज्ज्ञ-समितीत किमान चार जण, ते संबंधित देशांपैकी किमान दोन देशांतले, आणि त्यांत किमान एक विद्यार्थी. फेरतपासणी सहा वर्षांनी.

समितीत विद्यार्थी! आपल्याकडे शाळा तपासणीला अधिकारी येतात तेव्हा मुलांना हाताची घडी घालून बसवतात. तिथे मूल तपासणाऱ्यांच्या खुर्चीत बसतं. सांधा कुठे दुखतो हे त्यावरून चाललेल्यालाच कळतं, म्हणून.

या पद्धतीत विद्यापीठांच्या आपसातल्या करारात काय काय लिहिलेलं असावं, तेही सांगितलं आहे : पदवीचं नाव, जबाबदारी कोणाची काय, प्रवेश आणि निवड, विद्यार्थ्यांची ये-जा, परीक्षेचे नियम, मूल्यमापनाची पद्धत, श्रेयांकांची मान्यता. वर आपण पाहिलेली दुखरी ठिकाणं बहुतेक यात येतात. शिवाय युरोपात पदवीसोबत एक पुरवणी देतात. पदवी कुठल्या स्तराची, काय शिकलं, गुणांची पद्धत कशी, हे त्यात उलगडून सांगितलेलं असतं. परक्या देशातल्या कारकुनालाही पदवी वाचता यावी, हा तिचा हेतू.

६. आपले २०२२ चे नियम : दाराशी तपासणी

आता आपल्याकडे येऊ. २०२२ च्या नियमांचा भर 'घरं चांगली निवडा' यावर आहे. भारतीय संस्थेला नॅकमध्ये किमान ३.०१ गुण हवेत (म्हणूनच तो आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता), किंवा राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, विद्यापीठांच्या पहिल्या शंभरात तिचं नाव हवं, किंवा ती 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' हवी. परदेशी संस्थाही जागतिक क्रमवारीत ठरलेल्या क्रमांकाच्या आत हवी.

आणखी काही चांगल्या तरतुदी आहेत. दोन्हीकडे तोच तो अभ्यास पुन्हा करायला लावायचा नाही. मधेच बाहेर पडावं लागलं तर विद्यार्थ्यासाठी मार्ग ठेवायचा. पीएचडी असेल तर दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एक सत्र, आणि प्रबंध एकच. ऑनलाईन आणि दूरस्थ पद्धतीच्या अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत. फ्रँचायझी पद्धत, म्हणजे नाव परदेशी विद्यापीठाचं आणि शिकवणारा कोणीतरी तिसराच, ही उघड किंवा छुपी, कशीही चालत नाही. आणि या नियमांप्रमाणे मिळालेली पदवी भारतातल्या नेहमीच्या पदवीसारखीच धरली जाते, वेगळ्या समकक्षता दाखल्यासाठी पळापळ करावी लागत नाही.

हे सगळं चांगलंच आहे. पण लक्षात घ्या, ही तपासणी दाराशी होते. घर चांगलं आहे, आत या, असं ती सांगते. पाहुण्याला दोन्ही घरी मिळून पोटभर जेवण मिळालं का, हे पाहण्याची जबाबदारी मुख्यतः त्या दोन संस्थांवर आणि त्यांच्या करारावर राहते. माझं स्पष्ट मत असं, की आपल्याकडेही संयुक्त अभ्यासक्रमाची अखंड तपासणी व्हायला हवी आणि तिच्या समितीत विद्यार्थी हवा.

दाराशी लावलेल्या श्रेणीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना अटक केली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण पालकांनी यातून एवढं घ्यावं : श्रेणी हा पहिला प्रश्न आहे, शेवटचं उत्तर नाही.

७. फसवणूक कशी ओळखायची?

भारतात पदवी कोण देऊ शकतं, हे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ मध्ये सांगितलेलं आहे : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बस्स. नावात 'इंटरनॅशनल' असल्याने अधिकार येत नाही. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत आपल्या नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे, तेव्हा हे दूर दिल्लीत घडतं असं समजू नका.

डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने जाहीर इशारा दिला, की काही शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या नावाने ऑनलाईन पदव्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आणि समाजमाध्यमांवर करत आहेत. अशा फ्रँचायझी पदव्यांना मान्यता नाही. म्हणजे पोरगं दोन वर्षं शिकेल, फी भरेल, गाऊनमधला फोटोही निघेल, आणि स्पर्धा परीक्षेच्या अर्जात 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' या रकान्यात लिहायला काही नसेल.

डॉक्टरी, वकिली, वास्तुशास्त्र असे विषय असतील तर त्यांच्या त्यांच्या परिषदांची परवानगी वेगळी लागते, तेही विचारायलाच हवं.

८. पालकांनी विचारायचे आठ प्रश्न

हे वहीत उतरवून घ्या. प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

१) हा प्रकार कोणता : ट्विनिंग, संयुक्त की दुहेरी? पदवीवर नाव कोणाकोणाचं?
२) तुमच्या संस्थेचे नॅक गुण किती, आणि त्या मानांकनाची मुदत कधी संपते?
३) परदेशी विद्यापीठ त्याच्या स्वतःच्या देशात कोणाकडून मानांकित आहे? (ते त्या देशाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, दलालाने दिलेल्या लिंकवर नको.)
४) दोन संस्थांचा सामंजस्य करार कधी झाला, कधी संपतो? तो मधेच संपला तर आत असलेल्या मुलांचं काय?
५) किती श्रेयांक इथे, किती तिथे? रूपांतराचा तक्ता दाखवा.
६) तिकडच्या पेपरबद्दल तक्रार असेल तर एकच ठिकाण कोणतं?
७) संपूर्ण खर्च किती : दोन्हीकडची फी, व्हिसा, राहणं, विमा? कोणत्या चलनात?
८) व्हिसा मिळाला नाही किंवा मधेच थांबावं लागलं, तर हातात काय पडेल?

समजा ढाणकीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी हे आठ प्रश्न घेऊन पुण्या-मुंबईच्या समुपदेशन कार्यालयात गेली. चांगली संस्था असेल तर तिथला माणूस फाईल काढून एकेक उत्तर दाखवेल. "तुम्ही आधी सीट बुक करा, बाकी नंतर बघू" असं उत्तर आलं, तर मुलीने उमरखेडची गाडी धरावी. त्यात तिचं काही गेलं नाही. उलट काही लाख वाचले.

९. आपण शिक्षकांनी काय करायचं?

जोडून काम करणं, एकमेकांचं मूल्यमापन मान्य करणं, निकष आधी ठरवणं, ही सवय प्राथमिक वर्गातच लागू शकते. सहावी-सातवीसाठी एक उपक्रम सुचवतो. केंद्रातल्या दोन शाळांनी मिळून एक प्रकल्प घ्यावा. विषय 'आपल्या भागातली हळद : लागवडीपासून बाजारापर्यंत'. अर्धा प्रकल्प एका शाळेत, अर्धा दुसऱ्या शाळेत. सुरू करण्याआधी मुलांनाच निकष ठरवू द्या : माहितीला किती गुण, चित्रांना किती, मुलाखतीला किती. मग एका शाळेची वही दुसऱ्या शाळेच्या मुलांनी तपासायची. गुण जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, यावर चर्चा. शेवटी एकच प्रमाणपत्र, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्यांचं.

या एका उपक्रमात श्रेयांक, निकष, समकक्षता, तक्रार निवारण, सगळं येतं, एकही जड शब्द न वापरता. पुढे ते मूल मोठं होऊन दोन देशांच्या पदवीसमोर उभं राहील, तेव्हा "ठरलं काय होतं ते दाखवा" हा प्रश्न त्याच्या तोंडात तयार असेल.

माध्यमिकच्या मित्रांना विनंती, दहावी-बारावीच्या पालकसभेत वरचे आठ प्रश्न वाचून दाखवा. दहा मिनिटं लागतात.

स्वाध्याय

१) १२० श्रेयांकांच्या संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेतून किमान किती श्रेयांक हवेत?
२) संस्थेचं मानांकन आणि अभ्यासक्रमाचं मानांकन यांतला फरक तुमच्या शाळेचं उदाहरण देऊन सांगा.
३) 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण संयुक्त पदवीला कशी लागू पडते? ती लागू पडू नये म्हणून करारात कोणत्या तीन गोष्टी हव्यात?
४) तपासणी समितीत विद्यार्थी असावा का? तुमचं मत पाच ओळींत लिहा.

परदेशी विद्यापीठाच्या नावाला आपण भुलूही नये आणि घाबरूही नये. आपल्या भागातली मुलं तिथे जाऊ शकतात, त्यांनी जावं, असंच मला वाटतं. फक्त निघण्याआधी दोन्ही घरांना एकत्र बसवून विचारायचं : माझ्या लेकराच्या जेवणाची जबाबदारी नक्की कोणाची? उत्तर एका सुरात आलं, लेखी आलं, की खुशाल पाठवा.